माझ्या निरोपाची मीच केलेली तयारी

माझ्या निरोपसमारंभाची सगळी तयारी मी स्वतः केली होती. कागदाची फुलं मी कातरली, खुर्चीला झालर मी लावली, मुलांकडून गाणं मी बसवून घेतलं, भाषणही माझ्याच हातचं. समारंभ देखणा झाला हे मी आजही छाती ठोकून सांगते. एवढंच, की तो माझा आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि मला कुठेही जायचं नव्हतं.

ही गोष्ट दुबईची, साठचं दशक संपत आलं होतं तेव्हाची. अमिरात हे नाव अजून जन्मालाही आलं नव्हतं. खाडीच्या एका काठाला देरा, दुसऱ्या काठाला बर दुबई, मधे अब्रा नावाच्या होड्या आणि बाकी वाळू. आमचे हे एका शिपिंग एजंटच्या ऑफिसात क्लार्क होते. मुंबईची आगबोट बाहेर समुद्रात नांगर टाकायची, माणसं आणि सामान लाँचमधून आत यायचं, आणि त्या प्रत्येक नगाच्या पाठी हे धावायचे. घरी आले की बोलायला यांच्यात जीव उरलेला नसायचा, हे मी यांच्या बाजूने सांगून ठेवते, कारण पुढे यांची बाजू घ्यायला मला फारशी संधी मिळणार नाही.

मी शाळेत कशी लागले तेही ऐकण्यासारखं आहे. बर दुबईत चर्चच्या आवारात नवी शाळा निघाली होती, लहान मुलांची. तिची हेडमिस्ट्रेस म्हणजे एक सिस्टर, युरोपातल्या कुठल्याशा डोंगराळ गावातली, उंच, लालबुंद चेहऱ्याची, चालायची म्हणजे धावायचीच. ती शाळेच्या बाकांचे खोके सोडवायला यांच्या ऑफिसात आली आणि बोलता बोलता म्हणाली, इंग्रजी वाचता येणारी एखादी बाई मिळेल का? हे म्हणाले, माझी मिसेस मॅट्रिक आहे, रत्नागिरीला शाळेत शिकवायची. झालं. दोघांनी माना डोलावल्या. संध्याकाळी हे घरी आले, चहा प्यायले आणि म्हणाले, "अगं, उद्यापासून तू टीचर आहेस." बातमी आनंदाची होती, म्हणून न विचारल्याचा राग आला नाही.

आनंद किती, ते सांगायचं तर आधीचं सांगायला पाहिजे. देऱ्यात एका घरात आमच्याकडच्याच चार कुटुंबांनी खोल्या घेतल्या होत्या. सगळे खाडीकाठच्या गावांतले, रत्नागिरी नाहीतर कुलाबा जिल्ह्याचे. सकाळी पुरुष गेले की मी डाळ निवडायला बसायची. निवडून झाली की काय करायचं म्हणून पुन्हा तीच डाळ निवडायची. वरच्या मजल्यावरच्या बायका खाली येऊन कुणाच्या सासूने कुणाला काय म्हटलं ते सांगायच्या, दुसऱ्या दिवशी तेच उलट्या बाजूने सांगायच्या. तिथून मी एकदम पहिलीच्या वर्गात. गोव्याची मुलं, केरळची, सिंध्यांची, इराणी व्यापाऱ्यांची, दोन-चार अरबांची, आणि सगळी मला 'मिस' म्हणणारी. सकाळी नमाज पढून निघायची आणि येशूच्या तसबिरीखाली उभी राहून ए बी सी शिकवायची. मला त्यात कधी अडचण वाटली नाही. वाटली ती वरच्या मजल्याला.

एक इराणी पोर होती. आली तेव्हा तिला फारसीशिवाय काही येत नव्हतं. माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरून ती आठवडेच्या आठवडे रडली. मग एके दिवशी फळ्यावरचं 'कॅट' तिने स्वतः वाचलं आणि एवढ्या जोरात ओरडली की शेजारच्या वर्गातली मिस धावत आली. त्या दिवशी अब्रात बसून घरी येताना मी एकटीच हसत होते. नाव हाकणारा म्हातारा माझ्याकडे वळून वळून बघत होता, बघू दे मेला! मला ती शाळा हवी होती. पगारासाठी नव्हे, तो तर मी यांच्याच हातात द्यायची. मला ती अशी हवी होती जसा श्वास हवा असतो, आणि ती कुणी काढून घेईल असं माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

आता सिस्टरबद्दल. सोन्यासारखी बाई, पण तिला नवीन प्रोग्रामचा नाद. तिच्या देशातून शिक्षणावरचं एक मासिक यायचं, आगबोटीने, शिळं होऊन. बोट लागली की आम्ही मिस एकमेकींकडे बघायचो, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर स्टाफरूममध्ये येऊन टाळी वाजवून म्हणायची, "लेडीज! न्यू प्रोग्राम!"

एका बोटीने ड्रिल आली. थंड देशातल्या मासिकात लिहिलं होतं की मुलांना भर उन्हात कवायत करवावी, ऊन अंगाला चांगलं. तिकडे असेल. आमच्याकडे पहिल्याच दिवशी मुलं भिंतीच्या सावलीत एका रेषेत चिकटून उभी राहिली आणि हलेचनात. सिस्टरने मासिकाला कळवलं की आमच्या मुलांची रांग फार सरळ असते.

दुसऱ्या बोटीने आली नेचर स्टडी. प्रत्येक मुलाने वेगवेगळ्या झाडांची पानं गोळा करून चार्टवर चिकटवायची. अगो बाय, झाडं कुठे होती? शाळेपासून खाडीपर्यंत जी काही हिरवी होती ती खजुराची, आणि त्यांच्या पानाला हात लावायचा तर शिडी लागे. आईबाप हवालदिल झाले. एका सिंधी बाईने देशाहून जिवापाड जपून आणलेली तुळस तिच्याच पोराने रातोरात बोडकी केली. एकाने कोबीचं पान आणलं, एकाने चहाची पूड. केरळच्या एका हुशार मुलीने आईच्या साडीवरची पानं कापून आणली, पदराची. चार्ट तयार झाला तो आम्ही वाळायला अंगणात ठेवला आणि बकऱ्यांनी खाल्ला. सिस्टर म्हणाली, हेसुद्धा नेचरच आहे.

मग मुलांचे चार गट पडले, लाल, निळे, हिरवे, पिवळे. सख्खे भाऊ वेगवेगळ्या रंगांत गेले. एक बाप भांडायलाच आला, आम्ही एवढ्या लांब सगळे एकत्र राहायला आलो आणि तुम्ही घरात फूट पाडता? त्याच्या घरी म्हणे लाल आणि पिवळा एका ताटात जेवेनात. सिस्टरने त्याला स्क्वॅश पाजून परत पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी त्या दोघांना हिरवं करून टाकलं.

पण या सगळ्यांहून पक्का, न चुकता होणारा प्रोग्राम म्हणजे फेअरवेल. आमच्या शाळेत परीक्षा कमी आणि निरोप जास्त. त्याचं कारण उघड आहे. शिकवणाऱ्या सगळ्या कुणाच्या ना कुणाच्या मिसेस. नवऱ्याची बदली झाली, मिस चालली. नवऱ्याचं काम संपलं, मिस चालली. दिवस गेले, दीर लग्नाचा झाला, सासूचा पाय मोडला, मिस चालली. मी रत्नागिरीच्या शाळेत गॅदरिंग बसवायची हे सिस्टरला कळलं, आणि सगळ्या निरोपांचं खातं माझ्याकडे आलं.

मी ते बघता बघता असं बसवलं की डोळे मिटून करावं. दुबईत तेव्हा फुलं कुठली, म्हणून क्रेप कागदाची फुलं. सिस्टरच्या ऑफिसातली हातवाली खुर्ची, तिला झालर. सिंध्याच्या दुकानातून भाड्याने आणलेला माईक. पहिलीच्या वर्गाचं निरोपाचं गाणं, कारण लहान मुलं गायली की बाया हमखास रडतात. भेट थर्मास. शेवटी सँडविच, संत्र्याचं स्क्वॅश आणि खलास. भाषण एकच लिहिलं होतं, नाव बदललं की चालायचं. 'आपल्या लाडक्या मिस आज आपल्याला सोडून चालल्या आहेत. त्यांचा मृदू आवाज या भिंतींना आठवत राहील.' ड्रिलची मिस गेली तेव्हाही हेच वाचलं. तिने हाक मारली तर पलीकडच्या काठावरचा अब्रावाला नाव वळवायचा, तरी मृदू ते मृदूच. आणि शेवटी, 'कौटुंबिक कारणांमुळे'. इंग्रजीत ते फार भारदस्त वाटायचं, फॅमिली रीझन्स. त्यात सासूचा पायही बसायचा आणि सगळं काही बसायचं. जाणाऱ्या मिसने द्यायचं उत्तरसुद्धा मीच लिहून ठेवलं होतं, कारण त्या रडायच्या आणि मग स्क्वॅश गरम व्हायचं.

त्या वर्षी थंडी सरता सरता जी बोट लागली, तिच्यातून नवीन कल्पना उतरली. सिस्टर टाळी वाजवून म्हणाली, "लेडीज! या खेपेचं फेअरवेल सरप्राइज असेल! कोण जातंय ते शेवटपर्यंत सीक्रेट!" मग मला बाजूला घेऊन तिने माझे दोन्ही हात धरले. म्हणाली, "हे तू सगळ्यात छान कर. आजवरचं सगळ्यात छान." तिचे डोळे पाणावले होते. मला वाटलं, बाईला सर्दी झाली.

मी लगेच ओळखलं की जाणार ती तिसरीची मिस. गोव्याची, माझ्याहून मोठी, गुबगुबीत, पेटी वाजवायची. गाण्याला पेटी तिचीच, म्हणजे आमचं दोघींचं रोजचं जमायचं. तिच्या नवऱ्याच्या बदलीचं बोलणं चालू होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. माझा जीव तिच्यासाठी तुटायला लागला. मी तिची मधल्या सुट्टीची ड्यूटी घेतली. घावन आणि खोबऱ्याची चटणी करून तिच्यासाठी डब्यात नेली. तिची पिशवी उचलायला लागले. आणि मी जितकं करावं तितकी ती रडवेली व्हायची. "बाय," ती घास हातात धरून म्हणायची, "यू आर टू गुड. देव तुझं बरं करू." मी मनात म्हणायची, बिचारीला कळलेलं दिसतंय!

तिला कळलेलंच होतं. सगळ्यांनाच कळलेलं होतं. स्टाफरूममध्ये माझ्याशी कुणी खडूवरून भांडेना, पंख्याखालची जागा मला मिळायला लागली. मला वाटलं, सभ्यपणाचाही प्रोग्राम निघाला असेल, त्या दिवशी मी गैरहजर असेन.

घरीही कमी चमत्कार नव्हते. यांनी नवी ट्रंक आणली. विचारलं तर म्हणाले, अम्मासाठी सामान पाठवायचंय. सासूबाई गावी होत्या. धाकटी जाऊ वेगळं बिऱ्हाड करून मुंबईला गेली होती, तेव्हापासून त्या एकट्या. "अम्मा एकटी पडली गं," हे एकदा जेवताना म्हणाले होते. मी म्हटलं होतं, "मग बोलवून घ्या इकडे, मी करीन त्यांचं." यांनी आणखी भात मागितला. मला वाटलं, विषय संपला. यांना वाटलं, विषय ठरला. आमच्या घरात मोठ्या गोष्टी अशाच ठरायच्या, भात वाढता वाढता, आणि काय ठरलं ते बायकांना ट्रंक आली की कळायचं.

गुरुवार होता, शुक्रवारची सुट्टी म्हणून समारंभ गुरुवारी दुपारी. आवारात चटया, पुढे पाहुण्यांच्या खुर्च्या. मुलांचे आईबाप आलेले. पुढच्या रांगेत एक नवीन पोरगी बसलेली, नुकतं लग्न झालेली दिसत होती, मांडीवर पर्स घट्ट धरलेली. सिस्टर म्हणाली, गेस्ट आहे. आणि तिच्या शेजारी आमचे हे! कोट घालून, टाय लावून! आमच्या निकाहनंतर टाय लावलेले हे मला पहिल्यांदाच दिसत होते. मी माईकची वायर सोडवत होते, तिथूनच खुणेने विचारलं, काय? यांनी मान फिरवली. मी म्हटलं, माईकवाल्या सिंध्याशी ओळख म्हणून सिस्टरने बोलावलं असेल.

सिस्टर माईकपाशी गेली. "आता आपण त्यांना खुर्चीवर बसवू या," ती म्हणाली. मी मोठ्या प्रेमाने तिसरीच्या मिसकडे बघितलं. ती पेटीवर डोकं टेकून हमसाहमशी रडत होती. आणि सिस्टर चालत माझ्याकडे आली, माझा हात धरला आणि मला नेऊन त्या खुर्चीत बसवलं.

मी हसले. खरं सांगते, मी हसले. मला वाटलं, तालीम चाललीय. माझ्या वर्गाने गाणं सुरू केलं, मी शिकवलं होतं तसंच, दुसऱ्या ओळीला हात छातीवर. तेवढ्यात ती इराणी पोर रांग सोडून पुढे आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मिस, दॅट चेअर इज फॉर द गोइंग-अवे टीचर."

गाणं तिथेच अडखळलं. सिस्टरने घाईघाईने भाषण उघडलं. आपल्या लाडक्या मिस. मृदू आवाज. या वेळी मागे कुणीतरी फिसकन हसलं, माझा आवाज सगळ्या आवाराला माहीत होता. आणि मग आले फॅमिली रीझन्स. मी यांच्याकडे बघितलं. हे स्वतःच्या बुटांकडे बघत होते. ट्रंक, टाय, पर्स धरून बसलेली पोरगी, सगळं माझ्या डोक्यात एकदम खाडकन जागेवर बसलं. तोबा, असा राग मला आयुष्यात आला नव्हता! आणि एवढ्या रागातही मला दिसत होतं की खुर्चीची झालर डाव्या बाजूला सुटलीय.

थर्मास माझ्या हातात आला. मग सिस्टरने माझ्या उत्तराचा कागद दिला. माझ्याच अक्षरात, 'आज माझं हृदय जड झालं आहे.' मी तो घडी करून थर्मासखाली ठेवला, उठले आणि माईकमध्ये म्हणाले, "सिस्टर, आय अ‍ॅम नॉट गोइंग."

टाळ्या पडल्या! कडकडाट झाला! लोकांना वाटलं भाषणच आहे. सगळ्याच मिस असं काहीतरी म्हणायच्या, की मी गेले तरी माझं मन इथेच राहील. मग मी हिंदीत सांगितलं, "मैं कहीं नहीं जा रही हूँ. किसी ने मुझसे पूछा नहीं." टाळ्या थांबल्या. हे उठून पुढे आले होते. यांना मी मराठीत सांगितलं, "अहो, मी जाणार नाही. ऐकू आलं?"

"घरी बोलू," हे दबक्या आवाजात म्हणाले.

"घरीच बोलायला हवं होतं!"

माईक चालू होता. सिंध्याचा माल चांगला होता, आवाज रस्त्यापर्यंत गेला. मराठी न कळणाऱ्यांनाही सगळं कळलं, विशेषतः बायकांना.

सिस्टरचा लाल चेहरा पांढरा पडला. "पण तुझ्या हजबंडनी स्वतः येऊन सांगितलं," ती म्हणाली. "घरी तुझी गरज आहे म्हणाले. सीट बुक झाली म्हणाले."

"त्यांनी तुम्हाला सांगितलं. मला कोणी सांगितलं?"

सिस्टरने यांच्याकडे बघितलं, यांनी सिस्टरकडे. यांना वाटत होतं, बोटीच्या दोन दिवस आधी सांगू, म्हणजे रडायला वेळ कमी. सिस्टरला वाटत होतं, जायचं ठरलेलं तर बाईला ठाऊकच असणार, लपवायचं एवढंच, की पार्टी तिचीच आहे. दोघंही सज्जन माणसं, देवाला भिऊन वागणारी. ज्या दोघांनी माना डोलावून मला नोकरीला लावलं, त्याच दोघांनी माना डोलावून मला काढलं होतं, आणि निरोपाच्या खर्चात कसूर केली नव्हती.

"पण आता फर्स्ट स्टँडर्ड मी हिला दिलीय," सिस्टर हळूच म्हणाली. ती पर्सवाली पोरगी उभी राहिली होती. तिचा नवरा नुकता इथे आलेला, ही घरात एकटी. घाबऱ्याघुबऱ्या आवाजात ती म्हणाली, "इट्स ओके, सिस्टर, मी जाते," आणि तिचे डोळे भरून आले. माझी पंचाईत झाली. भांडायला कंबर कसून उभं राहावं आणि समोर आपणच दिसावं, असं झालं. ही पोरगी घरी जाऊन काय करणार ते मला कुणी सांगायला नको होतं. डाळ निवडणार.

मी माईक हाताने झाकला. "सिस्टर," म्हटलं, "पहिलीत येणारी पोरं आधी महिनामहिना रडतात. त्यांच्याहून लहानांचा वर्ग का नाही काढत? गाणी, गोष्टी, मातीचे खेळ. तुमच्या मासिकात असलं काही आलं नाही का कधी?"

सिस्टरच्या गालांवर हळूहळू रंग चढायला लागला, बोट लागल्याच्या दिवशी चढायचा तसा. "नर्सरी," ती पुटपुटली. "मागच्या अंकात होतं. फोटोसकट." आणि माझ्या हातातून माईक ओढून घेऊन ती ओरडली, "लेडीज अँड जंटलमेन! न्यू प्रोग्राम!"

कोण कुठे चाललंय हे आता कुणालाच कळत नव्हतं, पण टाळ्या वाजवायची सवय होती, त्या वाजल्या. दोन आयांनी तिथल्या तिथे पोरांची नावं घातली. तिसरीच्या मिसने डोळे पुसले आणि पेटीवर काहीतरी लग्नातलं वाजवायला घेतलं. पर्सवाल्या पोरीला मी त्या झालरीच्या खुर्चीत बसवलं आणि सँडविच दिलं. थर्मास मी परत केला नाही.

खाडीपर्यंत हे माझ्या चार पावलं पुढे चालत होते. माझा राग उतरला होता, पण त्याच्या जागी रडू आलं होतं आणि ते मला यांना दाखवायचं नव्हतं. अब्रात आम्ही समोरासमोर बसलो. नाव हलली तेव्हा हे म्हणाले, "चार लोकांत माझी इज्जत काढलीस."

"आणि माझं काय काढलंत तुम्ही?"

"तुला काय पाण्यात लोटत होतो का? घरीच धाडत होतो ना? आपल्याच घरी."

"मला विचारलंत?"

"अगं, कोण विचारतं?" हे खरंच चिडून म्हणाले. आवाज चढला तसे शेजारचे दोघे पठाण दुसरीकडे बघायला लागले. "असल्या गोष्टी विचारतं कोण? मला बोटीवर चढवला तेव्हा मला मिसरूड फुटलं नव्हतं. अब्बांनी दुपारी सांगितलं, संध्याकाळी बंदरावर. आधी मुंबई, मग बहरीन, मग इथे. मला कोणी विचारलं? तुला निदान खुर्चीत बसवलं, गाणं म्हटलं."

माझ्या तोंडावर उत्तर आलं होतं. नेहमी येतं. पण यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि ते गिळलं. इतक्या वर्षांत हे यांनी मला कधी सांगितलं नव्हतं, आणि मीही यांना कधी विचारलं नव्हतं. सगळेच पुरुष बोटीवर जातात, तसे हे गेले असतील, एवढंच माझ्या मनात होतं.

"तुम्हाला जायचं होतं?" मी म्हटलं.

यांना प्रश्न कळला नसावा असं मला वाटलं. मग यांनी टायची गाठ सोडली, टाय हातात गुंडाळला, पुन्हा सोडला. खाडीचा मधला भाग मागे पडला, देऱ्याच्या पायऱ्या दिसायला लागल्या.

"नाही," हे म्हणाले. "मला शाळेत जायचं होतं."